तिसरं पाणी

मी एक जुनं काचेचं टेबल आहे, मित्रांनो. या, बसा, पण माझ्यावर नका बसू. एक कोपरा आधीच तडकलाय. आणि हातातला डबा तेवढा त्या बाकावर ठेवा. येणारा-जाणारा जो तो आपला डबा माझ्यावरच ठेवतो, जसा काही मी खानावळीत जन्मलो. तसं नाही हो. मी हॉस्पिटलात जन्मलो. माझ्या पोटात चार ट्यूब आहेत आणि पाठीवर जाड दुधी काच. ट्यूब लावल्या की काच उजळते, आणि तिच्यावर चादर पसरली की चादरीच्या पोटातलं सगळं ओठावर येतं. भोक, विरलेली जागा, न निघालेला डाग, कुणाची विसरलेली टाचणी. माझ्यापासून काही लपत नाही. म्हणजे दिवा लावला तर लपत नाही. आज चारांतल्या दोनच ट्यूब लागतात, त्याही कुणी बटण दाबलं तर.

थकलोय मी. पण सांगायचं राहून गेलं तर त्याचंही ओझं होईल, म्हणून सांगतो.

मला सुतारकाकांनी बनवलं, ते एका मावशीच्या दुखऱ्या खांद्यांपायी. ही मावशी हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत काम करायची. चादरी, अभ्रे, बाळांची दुपटी, जे काही धुऊन येईल ते आधी तिच्या हाताखालून जायचं आणि मग वॉर्डात. तेव्हा ती तरुण होती, पण तेव्हाही ती मावशीच होती. मोठमोठे डॉक्टरसुद्धा तिला मावशीच म्हणायचे. ती एकेक चादर दोन्ही हातांनी उंच धरून खिडकीसमोर उभी राहायची. उजेडात कापड बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. संध्याकाळपर्यंत खांदे भरून यायचे, आणि आभाळ भरून आलं की खिडकीतून काही दिसायचंही नाही.

एक दिवस सुतारकाका त्या खिडकीची कडी बसवायला आले. घटकाभर त्यांनी मावशीची ती कवायत पाहिली आणि म्हणाले, "बाई, रोज चादरीला उभी करण्यापेक्षा एकदाच खिडकीला आडवी करू की!"

आणि केली. शस्त्रक्रियेच्या खोलीचा एक दरवाजा मोडीत निघाला होता, त्याचे माझे पाय झाले. काच एक्स-रेच्या खोलीतून आली. ट्यूब वायरमनने बसवल्या आणि चोक उलटा जोडला म्हणून सुतारकाकांच्या शिव्याही खाल्ल्या. पहिल्यांदा उजळलो तेव्हा मावशीनं काचेवर हात ठेवला आणि नुसती हसली. तो हात अजून आठवतो मला. कोरडा होता, साबणानं पांढरा पडलेला.

मग सुरू झाली माझी खरी वर्षं. मित्रांनो, मावशीचं काम बघण्यासारखं होतं, पण ते बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. चादर पसरायची. दोन्ही तळवे मधून कडेकडे फिरवायचे. एक कोपरा उचलून नाकाशी न्यायचा. मग तोच कोपरा मनगटाच्या आतल्या बाजूला घासायचा, जिथे कातडी मऊ असते तिथे. बोट ओलं करून शिवणीवर दाबायचं आणि बोटाला बुळबुळीत लागतंय का बघायचं. दुपटं असेल तर शिवाय ते गालाला लावायचं. हे सगळं इतक्या झपाट्यानं, की बघणाऱ्याला वाटावं बाई नुसती घडी घालतेय. तोंडाने सारखी बडबड. "काय गं, म्हातारी झालीस ना? विरलीस बघ मधे. चल, तुझं आता पुसणं करू." चादरींना ती अशी निरोप द्यायची आणि मला उगाच गलबलून यायचं.

बाळांच्या खोलीच्या मोठ्या सिस्टर फार कडक होत्या. डॉक्टरांनाही चपला बाहेर काढायला लावायच्या. पण चादरींची गाडी आली की त्या एकच विचारायच्या, "मावशीच्या टेबलावरून आलंय ना? मग झालं." एवढंच माझं कौतुक. पण त्या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षं उजेड दिला.

पुढे हॉस्पिटलची धुलाईची यंत्रं खिळखिळी झाली. एक बंद, एक गळतं, एक नुसतंच खडखडणारं. व्यवस्थापक साहेबांनी ठरवलं की धुलाई बाहेरच्या लाँड्रीला द्यायची. आता इथे मी साहेबांना नावं ठेवणार असं वाटलं असेल तुम्हाला. नाही ठेवणार. काम बाहेर दिलं यात चूक नव्हती. ज्याला जे नीट जमतं त्याने ते करावं. साहेब सरळ माणूस होते. उलट करार लिहायच्या आधी ते स्वतः वही घेऊन आमच्या खोलीत आले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. डोळे नाहीत मला, पण समजून घ्या.

साहेब म्हणाले, "मावशी, करारात लिहायचंय. चांगली धुतलेली चादर म्हणजे नेमकं काय, सांगा बघू."

मावशीच्या हातात तेव्हा एक दुपटं होतं आणि ती ते मनगटावर घासत होती. "आता हे काय सांगायचं, साहेब? पांढरी स्वच्छ हवी. मोजून पुरी हवी. वेळेवर यायला हवी."

"आणखी?"

"आणखी काय? बाकी कळतंच की बघितल्यावर."

साहेबांनी तीन ओळी लिहिल्या, त्यांच्याखाली रेघ मारली आणि गेले. मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी बोंब मारली असती. तोंडाने ती तीन गोष्टी सांगत होती आणि हातांनी चौथी, पाचवी, सहावी करत होती. पण हात काय करतायत ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ते काम नव्हतंच. आपण चालताना पाऊल कसं टाकतो ते कुणी विचारलं तर सांगता येतं का? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

लाँड्री सुरू झाली. पांढरेपणा मोजायला एक पट्टी आली, बोटभर रुंद, तिच्यावर राखाडीपासून शुभ्रापर्यंत पाच छटा. मावशीनं गठ्ठ्यातल्या वरच्या चार चादरींना पट्टी लावायची, छटा लिहायची आणि गठ्ठा न सोडता तसाच पुढे पाठवायचा. दिव्याची गरज उरली नाही. माझं बटण एक दिवस बंद झालं ते बंदच. माझ्यावर आधी फायली आल्या, मग चहाची किटली, मग कुणाची तरी छत्री. भिंतीवर एक आलेख लागला, त्यावरची रेघ दर महिन्याला वर चढायची. अठ्ठ्याण्णव टक्के, म्हणे. त्या रेघेखाली मी अंधारात उभा असायचो. वर्ष गेलं, दुसरं लागलं.

त्या लाँड्रीत सुपरवायझर होता मावशीचा भाचा. हॉस्पिटलभर सगळे तिला मावशी म्हणायचे, पण हा मात्र खरोखरचा, तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. नोकरीसाठी शब्द मावशीनेच टाकला होता. "पोरगा कामसू आहे," असं तिनं लाँड्रीच्या मालकांना सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. गाडी कधी उशिरा आली नाही, मोजणीत एक अभ्रा कमी भरला नाही, आणि चादरी तर अशा पांढऱ्या की डोळे दिपावेत.

आणि मग बाळांच्या खोलीत पुरळ आलं.

आधी एका बाळाच्या पाठीवर, मग तिघांच्या, मग सातांच्या. लाल, बारीक, चरचरणारं. बाळं झोपेनात. मोठ्या सिस्टरांनी साबण बदलला, पावडर बंद केली, बायकांना पुन्हा पुन्हा हात धुवायला लावलं. काही उपयोग नाही. शेवटी चौकशी बसली आणि बोट आलं मावशीवर. साहेब म्हणाले, "लाँड्रीचे आकडे बघा, अठ्ठ्याण्णवच्या खाली नाहीत. बाहेरून शुभ्र येतंय. म्हणजे बिघाड आपल्या खोलीत, आपल्या कपाटात." ठरलं असं की शनिवारपर्यंत चादरींची खोली रिकामी करायची, कपाटं जाळायची, तपासणीसुद्धा लाँड्रीनेच करायची आणि मावशीनं घरी जायचं. मी भंगारात. माझं जाऊ द्या हो, लाकूड-काच मी. पण बाळांच्या अंगाला जे लागलं ते आपल्या हातून लागलं, हा डाग घेऊन मावशी घरी जाणार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

ती त्या दिवशी रडली नाही. गुरुवार होता. ती बाळांच्या खोलीतून एक गठ्ठा घेऊन आली, आत्ताच उघडलेला, कपाटाचं तोंडही न पाहिलेला. माझ्यावरच्या फायली तिनं खाली ठेवल्या, किटली ठेवली, छत्री ठेवली. बाहीने काच पुसली. बटण दाबलं. मी घाबरलो, लागलोच नाही तर? तीन ट्यूब लागल्या, चौथी फडफडली आणि मेली.

तिनं दुपटं पसरलं. वरून कापड दुधासारखं होतं, पण खालून उजेड आला आणि खरी गोष्ट दिसली. सूत खाल्लेलं होतं. जागोजागी विरलेलं, नुसतं नावाला एकमेकांना धरून राहिलेलं. दोन वर्षांचं कापड दहा वर्षांचं झालं होतं. तिनं कोपरा नाकाशी नेला आणि मान मागे घेतली. मनगटाला घासला आणि थांबली. पाण्यात बोट बुडवून शिवणीवर दाबलं. बोट बुळबुळीत.

"अरे देवा," ती म्हणाली आणि तिथेच बसली.

थोड्या वेळाने भाचा आला. गुरुवारी तो स्वतः गाडीबरोबर यायचा. मावशीनं दार लावून घेतलं.

"काय करता रे तुम्ही या कपड्यांना? खरं सांग."

"काय करणार? धुतो. पट्टीत बघ ना, पाचवी छटा."

"पट्टी घाल चुलीत. कितव्या पाण्यातून काढता?"

भाच्याने खांद्यावरचा रुमाल काढला, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला. "दुसऱ्या."

"आणि साबण काढायचं तिसरं पाणी?"

"तिसरं बंद केलं, वर्ष झालं. तिसऱ्या पाण्याला वेळ लागतो मावशी, गाडी उशिरा निघायची. उशीर झाला की गुण कापायचे. आणि पांढरं कमी दिसलं की गुण कापायचे, म्हणून ब्लीच वाढवलं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "मी काय मुद्दाम केलं? मी तुमचा कागद दहा वेळा वाचला. त्यात तीनच गोष्टी आहेत. पांढरी, पुरी, वेळेवर. तिसऱ्या पाण्याचं एक अक्षर नाही. खोटं वाटत असेल तर बघ."

बघायची गरजच नव्हती. त्या तीन ओळी कुणाच्या होत्या ते मावशीला माहीत होतं आणि मलाही. तिनं तळहात काचेवर ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. खालून उजेड येत होता, त्यात तिच्या बोटांच्या कडा लाल दिसत होत्या.

"माझंच चुकलं रे," ती म्हणाली. "विचारलं होतं मला. मीच म्हणाले, बाकी कळतंच की."

भाचा घाबरला. "तू साहेबांना सांगणार?"

"सात बाळांच्या पाठी सोललेल्या आहेत."

"मावशी, माझी नोकरी जाईल. आई काय म्हणेल?"

"ताई माझ्यासाठी दार उघडणार नाही, हेच ना? ठाऊक आहे मला." आपलेच दात नि आपलेच ओठ, करायचं काय माणसानं? मावशीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला गाडीकडे पाठवलं.

शुक्रवारी माझ्याभोवती माणसं जमली. साहेब, मोठ्या सिस्टर, लाँड्रीचे मालक, दारापाशी भाचा. मावशीनं स्वयंपाकघरातून दोन काचेची भांडी आणि गरम पाणी मागवलं होतं. एका भांड्यात तिनं बाळांच्या खोलीतलं दुपटं टाकलं. दुसऱ्यात टाकलं कपाटाच्या तळातलं एक जुनं दुपटं, आमच्या खडखडणाऱ्या यंत्रात धुतलेलं, तिसऱ्या पाण्यातून काढलेलं. दोन्ही तिनं पिळली आणि भांडी माझ्या काचेवर ठेवून दिवा लावला. कपाटातल्या दुपट्याचं पाणी नितळ. लाँड्रीतून आलेल्या दुपट्याचं पाणी गढूळ, वर फेस.

"ज्या कपाटाला जाळायला निघालात ना साहेब, त्यातलं हे," मावशी नितळ पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली.

मोठ्या सिस्टरांनी फेसात बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट पुसत राहिल्या. लाँड्रीचे मालक तापले आणि भाच्याकडे वळून म्हणाले, "तू उद्यापासून येऊ नकोस."

"थांबा," मावशी म्हणाली. "त्याला काढाल, दुसरा येईल, आणि तोही पट्टीच बघेल. तुम्ही त्याला जे मोजायला सांगितलं ते त्याने नीट केलं. जे मोजायचं राहिलं ते कुणीच केलं नाही. आणि ते राहिलं ते माझ्यामुळे. साहेबांनी मला विचारलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला. "मी एकदाच विचारलं, मावशी," ते हळूच म्हणाले. "उभ्या उभ्या विचारलं. आणि त्या दिवसानंतर मी लाँड्रीचं तोंडही पाहिलं नाही. उंटावरून शेळ्या हाकत बसलो."

मला माणसांविषयी फार आशा नसते, मित्रांनो, पण तो शुक्रवार मी जपून ठेवलाय. दोन मोठी माणसं एकाच दुपारी आपलं चुकलं म्हणाली. असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

करार पुन्हा लिहायचा ठरला. मावशीनं सांगायचं आणि कारकूनबाईंनी लिहायचं. पहिल्या दुपारी मावशी खुर्चीत बसली, पुन्हा तेच, "पांढरी हवी... आणि, आणि..." पुढे गाडी जाईना. शेवटी वैतागून म्हणाली, "हात चालू दे बाई, म्हणजे तोंड चालेल." मग चादरींचा ढीग आणला. मावशी काम करू लागली आणि कारकूनबाई डोळे फाडून बघत राहिल्या.

"थांबा मावशी! आत्ता कोपरा नाकाशी का नेलात?"

"नाकाशी? मी? कधी?"

"आत्ता. आणि हे मनगटाला काय लावलंत?"

मावशी स्वतःच्या मनगटाकडे अशी बघत राहिली, की जणू ते शेजारणीचं आहे. तीन दुपारी असं चाललं आणि सतरा गोष्टी निघाल्या. तिसरं पाणी, वास, मनगट, ओलं बोट, उजेडात सुताची वीण, सगळं कागदावर आलं. गाडीला अर्धा तास जास्त दिला. भाच्याची नोकरी राहिली. ताईंनी दार उघडायला सहा महिने घेतले, पण उघडलं. बाळांच्या पाठी पंधरा दिवसांत निवळल्या. आणि असं ठरलं की तपासणी लाँड्रीतच व्हावी, गाडीत माल चढायच्या आधी. म्हणून मला तिकडे पाठवायचं, आणि मावशीनं महिन्यातून एकदा न सांगता जाऊन बघायचं.

मला गाडीत चढवताना कोपरा आपटला, तोच हा तडकलेला. मावशी हमालांवर ओरडली, "अरे, जपून! म्हातारं आहे ते." तेव्हा कळलं मला की आपण म्हातारे झालो.

तेव्हापासून मी इथे आहे, या वाफेत. आधी फार छान गेलं. चारही ट्यूब नव्या घातल्या होत्या. बायका चादरी पसरायच्या, वास घ्यायच्या, मनगटाला लावायच्या, मला मावशीचीच आठवण व्हायची. सतरा गोष्टींचा कागद समोर लटकलेला, प्रत्येक गठ्ठ्यापुढे बरोबरची खूण करायची. पण नव्याचे नऊ दिवस. काम वाढलं. दुसरं हॉस्पिटल आलं, मग दोन हॉटेलं. अर्ध्या तासात दुप्पट माल बसवायला लागले. आधी सतराच्या दहा झाल्या, मग चार, मग नुसत्या खुणा. दिवा न लावताही खूण करता येते, हा शोध कुणीतरी लावलाच. एक ट्यूब गेली, कुणी बदलली नाही. दुसरी गेली. ये रे माझ्या मागल्या. आणि माझ्यावर डबे आले.

मावशी मात्र दर महिन्याला यायची. गुडघे धरत जिना चढायची, काच बाहीने पुसायची, पाच-सहा दुपटी स्वतः बघायची आणि भाच्याला चार शब्द सुनावून जायची. शेवटची आली ती दुपारी बारा वाजता. आल्या आल्या तिची नजर कागदावर गेली.

"अरे, किती वाजले?"

"बारा," भाचा म्हणाला.

"आणि हा कागद पाचच्या गठ्ठ्यापर्यंत भरलाय. न आलेला गठ्ठा पास केलास? ज्योतिषी कधी झालास रे?"

घड्या घालणाऱ्या बायका हसल्या. भाचा नाही हसला. "मावशी, रोजचे चारशे नग. एकेक उजेडात बघत बसलो तर गाडी चुकते. सगळेच असं करतात."

मला वाटलं आता ती कडाडणार. पण ती बाकावर बसली, एकदम दमून. "खरंय तुझं," म्हणाली. "मग तसं सांग. आणखी वेळ माग, साहेबांशी मी बोलते. कमी बघ, पण बघ. न बघता खूण नको करूस बाबा. खूण केलीस की पुढचा कुणीच बघत नाही." थोडं थांबून तिनं विचारलं, "हा पाचचा गठ्ठा कुठल्या खोलीचा?"

"बाळांच्या."

"सूनबाईला कितवा लागला?"

"सातवा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा बदलला. "आमचं नाव तुमच्याच हॉस्पिटलात घातलंय."

मावशीनं त्यावर काही टोमणा मारला नाही. "कुणाच्या पाठीखाली काय जाणार ते आपल्याला ठाऊक नसतं रे," एवढंच म्हणाली. "ठाऊक नसतं म्हणून तर तपासायचं." मग पेन मागून घेतलं आणि संध्याकाळच्या खुणा एकेक करून खोडल्या. अकरा होत्या. खोडून झाल्यावर काचेवर हात ठेवला, तो मला अगदी हलका लागला. जिना उतरतानाचा तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यानंतर ती आली नाही. गुडघ्यांनी संप केला, आणि ती कामावरून निवृत्त झाली. आता हॉस्पिटलातून कुणी येत नाही. कागद जातो, त्यावर खुणा असतात, आणि तिकडे भिंतीवर आलेख लागत असेल. किती टक्के ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, साहेब व्हाल, कामं बाहेर द्याल. खुशाल द्या. पण देण्याआधी ज्याच्या हातांना ते काम येतं त्याच्या शेजारी बसा, आणि तो काय बोलतो त्यापेक्षा त्याचे हात काय करतात ते बघा. काम दिल्यावरही अधूनमधून जिना चढून जात जा. माझ्यासारख्या जुन्या टेबलाला पॉलिश नको, हार-तुरे तर मुळीच नकोत. दिवा तेवढा लावा. फार नाही मागत मी.

परवाची गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. भाचा चार दिवसांच्या रजेवरून परत आला होता. मुलगी झाली होती त्याला. बायकांनी अभिनंदन केलं, तो ओशाळून हसला आणि नेहमीसारखा डबा माझ्यावर ठेवायला आला. हात मध्येच थांबला. डबा त्याने बाकावर ठेवला. बटण दाबलं, दोन ट्यूब लागल्या. बाळांच्या खोलीचा गठ्ठा सोडला आणि पहिलं दुपटं पसरलं. तळवे फिरवले. वास घेतला. बाही वर करून मनगटाला लावलं. मग कुणी बघत नाही ना असं इकडेतिकडे पाहिलं आणि दुपटं हळूच गालाला लावलं.

गालाला लावणं त्या सतरा गोष्टींत नाही, मित्रांनो. त्या तीन दुपारी हाताशी नुसत्या चादरी होत्या, दुपटं एकही नव्हतं, म्हणून ते कुणाला दिसलंच नाही आणि लिहायचं राहून गेलं. ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याने दुसरं दुपटं उचललं, तेही गालाला लावलं. गठ्ठा संपेपर्यंत मी त्याला उजेड देत राहिलो.